घराच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, आजोबा कुठे आहेत?



आपल्या कुठल्याही घरात जा. चाळीसगावात जा, तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात जा, नाहीतर धुळ्याच्या एखाद्या वस्तीत. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तथागत असतात, बाबासाहेब असतात, बहुतेक घरांत माता रमाई आणि जोतिबा-सावित्रीही असतात. फ्रेम चांगली, काच पुसलेली. आता त्या घरातल्या माणसाला विचारा, "तुमच्या आजोबांचा फोटो आहे का?"

मी गेली काही वर्षं हा प्रश्न विचारत फिरते आहे. प्रश्न विचारला की आधी सगळे एकमेकांकडे बघतात. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली जाते. तिच्यातून काय निघतं? रेशन कार्डावरचा काळपट पडलेला चेहरा. निराधार योजनेच्या अर्जाला लावून उरलेला एक पासपोर्ट साइज फोटो. कुणाच्यातरी लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या रांगेत कापला गेलेला अर्धा खांदा. आणि कितीतरी घरांत आजोबांचा म्हणून एकच फोटो असतो, तो माणूस गेल्यावर काढलेला. नाकात कापूस, गळ्यात हार, भोवती घरची माणसं. ज्याच्यासमोर जिवंतपणी कुणी कॅमेरा धरला नाही, त्याच्यासाठी मेल्यावर फोटोवाला बोलावला गेला.

ज्या थोड्या घरांत जुने, चांगले फोटो सापडतात तिथे एक गोष्ट हमखास असते. त्या घरात कुणीतरी पगारदार होतं. कुणी महार रेजिमेंटमध्ये, कुणी भुसावळला रेल्वेत, कुणी गिरणीत. फोटो आला तो गणवेशाबरोबर आणि पगाराबरोबर. शेतमजुराचा फोटो नाही. त्याच्या बायकोचा तर नाहीच नाही. समाजशास्त्रात आम्हाला सामाजिक स्तरीकरण शिकवलं ते पुस्तकातल्या तक्त्यांवरून. पत्र्याची पेटी उघडली की तोच तक्ता डोळ्यांनी दिसतो.

मला फोटोग्राफीचा छंद आहे हे आधीच कबूल करते. एम.ए. करत असताना एका ओळखीच्या माणसाकडून जुना कॅमेरा हप्त्यांवर घेतला, तेव्हापासून हे वेड आहे. एकदा एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, समाजापुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, गायरानाचा प्रश्न आहे, पोरं बेकार आहेत. तुमचे हे हौसेचे चोचले कशाला?" लोक हसले. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कॅमेरा हा हौसेचाच विषय म्हणून आपल्याकडे आला. पण कुणाच्या हौसेचा, आणि त्या हौसेनं आपलं काय केलं, हे त्यांनाही ठाऊक असायला हवं. म्हणून हा लेख. उत्तर उशिरा देते आहे आणि ते चाळीसगावपासूनच सुरू करते.

२३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. एक रात्र आपल्याकडे राहा, असा इथल्या आपल्या लोकांचा आग्रह होता. महारवाडा रुळांच्या पलीकडे, नदी ओलांडून. चालत जाण्याजोगं अंतर. स्टेशनवर टांगे उभे होते. तरी बाबासाहेबांना तासभर थांबवून ठेवलं गेलं आणि कारण कुणी सांगेना. शेवटी एक टांगा आला. दोनशे पावलं जातो न जातो तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरची फरशी लागली. तिला कठडा नाही, नुसते अंतराअंतरावर बसवलेले दगड. वळणावर घोडा बिथरला, चाक दगडावर आपटलं, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. बाबासाहेब बेशुद्ध होते. पाय मोडला होता. लोकांनी त्यांना उचलून महारवाड्यात नेलं, बायापोरांचा आकांत चालला होता.

तासभर का थांबवलं, ते त्यांना नंतर कळलं. महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या पाहुण्यानं पायी यावं हे आपल्या लोकांना सहन होईना. मग तोड निघाली की टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकायला बसला तो आपल्यातलाच एक माणूस. त्यानं आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हे सगळं लिहून ठेवलं. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही भाड्याचा टांगेवाला जातीनं स्वतःला वरचा समजतो, हे त्यांना त्या फरशीवर नव्यानं कळलं.

हा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. फोटो एकही नसताना माहीत आहे. मग कॅमेऱ्यावाचून काय अडलं, असं कुणी विचारेल. बाबासाहेबांचं काही अडलं नाही, कारण त्यांच्याकडे लेखणी होती. पण लगाम हातात घेतलेला तो माणूस कोण? त्याचं नाव बाबासाहेबांच्या लिखाणात नाही. त्या बेशुद्ध देहाजवळ रडणाऱ्या बाया कोण? स्टेशनवर तासभर टांगेवाल्यांच्या विनवण्या करणारे कोण? त्यांच्याकडे लेखणी नव्हती आणि त्यांच्याकडे बघणारा कॅमेराही नव्हता. ज्यांनी अपमान गिळून टांगा उभा केला, ती माणसं इतिहासात आहेत पण त्यांना चेहरा नाही.

तेव्हा कॅमेरेच नव्हते का? होते. मुंबईत तर पाऊणशे वर्षांपासून होते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यात गोरे अधिकारी होते, व्यापारी होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे शिकलेले एतद्देशीयही होते. ही सगळी हौशी मंडळी. विल्यम जॉन्सन नावाचा सरकारी नोकर त्यांच्यातलाच. त्यानं हौशी छायाचित्रकारांच्या कामाचा एक अल्बमच १८५६ पासून मुंबईत काढायला सुरुवात केली. त्यात इमारती होत्या, देखावे होते आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातींचे, धंद्यांचे 'नमुने' होते. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनचा मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. या ग्रंथातली एक करामत मुद्दाम सांगते. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, त्यांच्या आकृत्या कापायच्या आणि दुसऱ्याच देखाव्यावर आणून चिकटवायच्या. माणूस एकीकडचा, जमीन दुसरीकडची. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रं आहेत. बहुतेक फोटोंखाली जात लिहिली आहे, जमात लिहिली आहे, त्यांचा स्वभाव कसा तेही लिहिलं आहे. माणसाचं नाव क्वचितच.

तर ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात ते बरोबर आहे. छंद म्हणून आलेल्या कॅमेऱ्यानं पहिलं काम केलं ते माणसाचा नमुना करण्याचं. मनूनं आपल्याला जात दिली, साहेबाच्या कॅमेऱ्यानं त्या जातीवर पुराव्याचा शिक्का मारला. पण म्हणून कॅमेरा सोडून द्यायचा असेल तर छापखानाही सोडायला हवा होता. तोही साहेबाबरोबरच आला आणि त्यावर मनुस्मृतीही छापली गेली. बाबासाहेबांनी छापखाना सोडला नाही, 'मूकनायक' काढला.

आता चाळीसगावात राहून फोटोग्राफीवर लिहायचं आणि केकी मूस यांचं नाव घ्यायचं नाही असं होऊ शकत नाही. त्यांचा जन्म १९१२ चा, म्हणजे बाबासाहेब इथल्या फरशीवर पडले तेव्हा ते १७ वर्षांचे होते. पारशी घरातला हा मुलगा विलायतेला जाऊन कला शिकून आला आणि चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यानं जवळपास सगळं आयुष्य काढलं. घराबाहेर पडणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड-अंधाराचा खेळ करायचा आणि त्यातून डोंगर, समुद्र, हिमवर्षाव उभा करायचा. टेबल-टॉप फोटोग्राफीतल्या या कामानं त्यांना देशोदेशीची बक्षिसं मिळवून दिली. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा एका फोटोसमोरून हलवत नव्हतं. मीठ कुठलं आणि बर्फ कुठला हे कळत नाही इतकं ते काम बारीक आहे. कुणीतरी प्रिय व्यक्ती पंजाब मेलनं येईल म्हणून ते रोज वाट पाहत, अशी आख्यायिका गावात सांगतात.

ही आख्यायिका ऐकली की मला दुसरी वाट पाहणं आठवतं. स्टेशन तेच. एका माणसाच्या वाट पाहण्यावर गावानं गोष्टी रचल्या, लेख लिहिले. त्याच स्टेशनवर आपल्या माणसांनी एक तास टांग्याची वाट पाहिली, तिची आठवण आपणच ठेवायची. यात मूस यांचा दोष काढावा असं मला वाटत नाही. त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही, आपलं टेबल आणि आपला उजेड यांच्याशी ते प्रामाणिक राहिले. त्यांच्या एकांताची किंमत त्यांनीच मोजली. मला एवढंच दिसतं की कॅमेऱ्यावर इतकं प्रेम करणारा माणूस ज्या गावात पन्नास वर्षं राहिला, त्याच गावातल्या नदीपलीकडच्या वस्तीत आजोबांचा फोटो सापडत नाही. फोटोग्राफी गावात आली म्हणजे गावात सगळीकडे पोचली असं होत नाही. पाण्याचं झालं तेच. चवदार तळं महाडातच होतं.

मग पोचवायची कुणी? इथे मला आपल्यासारख्याच दुसऱ्या एका समाजाचं उदाहरण द्यायचं आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे अमेरिकेतले काळे समाजशास्त्रज्ञ. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांना पत्र लिहिलं होतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. याच डु बॉइस यांनी १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात काळ्या अमेरिकन लोकांचं दालन उभं करण्यात मोठा वाटा उचलला. लोकसंख्या, जमीन, शिक्षण यांचे रंगीत तक्ते तर होतेच, पण त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या काळ्या माणसांच्या छायाचित्रांचे अल्बमही नेले. फोटो ३६३. त्यातले अनेक अटलांटातल्या थॉमस ॲस्क्यू या काळ्या छायाचित्रकारानं काढलेले. ज्या काळात काळा माणूस छापील चित्रांत एकतर हसण्यावारी नेला जाई नाहीतर झाडाला लटकवलेला दिसे, त्या काळात हे लोक स्वच्छ कपड्यांत ताठ बसून थेट कॅमेऱ्यात बघत होते. गोऱ्या जगाला सांगत होते की तुमच्या शास्त्रातला नमुना आणि आम्ही यांचा काही संबंध नाही.

तरीही त्या अल्बमांत एक उणीव राहिली आणि ती आपण शिकून घेण्यासारखी आहे. त्या फोटोंखाली बहुतेक ठिकाणी नावंच नाहीत. आज कुणाच्या पणतीला आपली पणजी त्यात शोधायची झाली तर ती कुठून शोधणार?

आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे, फक्त आपण तिला परंपरा म्हणत नाही. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तिचं चित्रीकरण आज आपण ६ डिसेंबर आला की मोबाइलवर पाहतो आणि पुढे पाठवतो. ते कुणी केलं? लेखक-दिग्दर्शक नामदेव व्हटकर यांनी, स्वतःची मालमत्ता गहाण टाकून, कर्जाचा बोजा उचलून. कॅमेरा भाड्याचा, फिल्म विकतची, आणि मन शोकात बुडालेलं असताना हात स्थिर ठेवायचा. दुसरं नाव कल्याणच्या विजय सुरवाडे यांचं. नोकरी आणि संसार सांभाळून या माणसानं बाबासाहेबांची दुर्मीळ छायाचित्रं आणि कागदपत्रं आयुष्यभर गोळा केली. आज आपण बॅनरवर जे फोटो सहज वापरतो, त्यांच्यामागे कुणाच्या तरी अशा रविवारच्या सुट्ट्या आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आणलं, तेही असंच दारोदार जाऊन, चळवळीतल्या बायकांना बोलतं करून. आणि छंदाच्या पलीकडे जाऊन ज्यांनी हाच आपला व्यवसाय केला त्यांत सुधारक ओलवे आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

पण आपण सगळे ओलवे होणार नाही. आपल्याकडे एक मोबाइल आणि एक रविवार आहे. त्यात काय होतं ते सांगते, कारण हे मी केलेलं आहे आणि त्यात चुकलेही आहे.

नदीकाठच्या एका वस्तीत एक आजी होत्या. वडील फौजेत होते. त्यांचा गणवेशातला, स्टुडिओत काढलेला फोटो आजींनी पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेला. मी म्हटलं, मला याची कॉपी काढू द्या. त्यांना वाटलं मी फोटो घेऊन जाणार. "मना बापना फोटू तुले कसाले पाहिजे?" असं म्हणून त्यांनी तो पदराखाली धरला. समजूत घालायला दोन खेपा लागल्या. शेवटी उंबऱ्यात, दुपारनंतरच्या उजेडात, फोटो पाटावर ठेवून कॉपी काढली. फ्लॅश वापरायचा नाही, फोटोवर चकाकी येते. काच निघत असेल तर काढायची, निघत नसेल तर कॅमेऱ्याच्या बाजूनं काळं कापड धरायचं म्हणजे आपलंच प्रतिबिंब पडत नाही. मोबाइल हातात न धरता चार विटांवर टेकवला तरी चालतो. मागच्या बाजूचाही फोटो काढायचा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बऱ्याचदा तिथेच असते. आजींनी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पलटणीतून परत आल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढायला कसा नकार दिला तेही सांगितलं. हे मी वहीत लिहून घेतलं.

शेजारच्या घरातही एक फोटो होता, सासूबाईंचा. दिवस मावळत आला होता, उजेड कमी झालेला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते. पुढच्या रविवारी मोर्चा होता. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. मग लॉकडाऊन आला.

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस काय झालं ते चाळीसगावकरांना सांगायला नको. एका रात्रीत तितूर आणि डोंगरी नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गोठ्यांत बांधलेली जनावरं दावणीलाच मेली. पाणी ओसरल्यावर आम्ही वस्तीत गेलो तेव्हा सगळीकडे चिखल आणि भिजलेलं धान्य. आजींची पेटी सापडली, पण आत कागदाचा लगदा झालेला. मी महिनाभरानं मोठा प्रिंट करून, लॅमिनेट करून नेला. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मांगे नाव लिखी दे." शेजारच्या घरात मला काहीच नेता आलं नाही. तिथल्या सुनेनं विचारलं, "ताई, आमचा काढला होता ना तुम्ही?" तिला वाटत होतं मी काढला होता.

त्याच पुरात छंद दुसऱ्या अर्थानंही कामाला आला. पंचनामे सुरू झाले की भाड्यानं राहणाऱ्यांची, गावठाणाबाहेरच्या घरांची नावं गळतात. आम्ही तीन-चार जणांनी घर अन् घर फिरून फोटो काढले. भिंतीवर पाणी जिथवर चढलं त्या खुणेजवळ घरातलं माणूस उभं करायचं म्हणजे उंची कळते. एक फोटो लांबून, ज्यात शेजारचं घर किंवा विजेचा खांब दिसेल. एक जवळून. अर्जाबरोबर हे प्रिंट लावले. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं गेलं की फोटो कुठलेही असू शकतात. तेव्हा तो विजेचा खांब उपयोगी पडला, त्यावर नंबर होता.

इथे कायद्याचंही थोडं बोलायला हवं, कारण आपली पोरं अत्याचाराच्या घटनेचा व्हिडिओ काढतात, व्हॉट्सॲपवर टाकतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात. तसं करू नका. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्याच्या आत दडलेली वेळ-ठिकाणाची माहिती जाते. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तिथेच राहू द्या, कॉपी वेगळी काढा, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२० साली ते आवश्यकच असल्याचं स्पष्ट झालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे, आणि त्यात फाइलचा हॅशही द्यावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १५-अ (१०) सांगतं की या कायद्याखालच्या सगळ्या कार्यवाहीचं चित्रीकरण व्हायला हवं. आपल्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांच्या प्रकरणात २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात जामिनाच्या सुनावणीचं चित्रीकरण झालं ते या कलमामुळेच. हे कलम किती कार्यकर्ते मागतात?

कॅमेरा कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं असं मात्र समजू नका. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उना इथे आपल्या बांधवांना मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढला आणि स्वतःच पसरवला. त्यांना ती मर्दुमकी वाटत होती. तोच व्हिडिओ बघून देशभर लोक रस्त्यावर आले. पण त्या व्हिडिओत मार खाणारी माणसं चौघे तरुण होती, त्यांना घरं होती, आया होत्या. तो तुकडा शंभर वेळा पुढे पाठवताना आपण त्यांना शंभर वेळा मारलेलं दाखवलं, हेही खरं आहे. पीडितेचा फोटो तर कधीच नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि 'न्याय मिळालाच पाहिजे' असं लिहून तिचा फोटो टाकणारे बहुतेक वेळा आपल्याच बाजूचे असतात.

आणखी एक दुखणं. सरकारी दवाखान्यात फळवाटप. एक केळं, त्याला लागलेले सात हात, सातही चेहरे कॅमेऱ्याकडे आणि पलंगावरची बाई भिंतीकडे. जयंतीच्या काळात असे फोटो आपल्याही मंडळांचे निघतात, मी स्वतः काढून दिलेत. फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' मोठा आणि बाबासाहेब कोपऱ्यात स्टॅम्पएवढे. फोटोनं मदत करायची सोडून आपण मदतीचा फोटो काढत बसलो. त्यापेक्षा त्याच दिवशी विहारात एक पांढरी चादर लावा, खिडकीजवळ खुर्ची ठेवा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पोरांचे, निराधार योजनेसाठी म्हाताऱ्यांचे फोटो काढून द्या. बाहेर त्याचे पैसे पडतात आणि मजुरी बुडते. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एक बाई पासपोर्ट फोटो झाल्यावर उठेनात. म्हणाल्या, "आता एक असाच काढ, कामाचा नको." तेव्हापासून आम्ही प्रत्येकाचे दोन काढतो. एक कामाचा, एक बिनकामाचा. बिनकामाच्या फोटोसाठी बाया घरी जाऊन साडी बदलून येतात.

प्रिंट परत द्यायचाच, नाहीतर आपण आणि जॉन्सन यांत फरक राहत नाही. मागे मऊ पेन्सिलनं नाव लिहायचं, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. नावाबरोबर गाव आणि साल. एक कॉपी त्यांच्या घरी, एक आपल्याकडे, एक दुसऱ्या गावात कुणाकडे तरी, म्हणजे एका पुरात सगळं जाणार नाही. आणि नको म्हणाल्या तर नको.

माझ्याकडे आता एक जाड वही आहे. त्यात प्रत्येक फोटोचा नंबर, नाव, गाव, साल आणि सांगणाऱ्यानं सांगितलेली एखादी ओळ आहे. शेजारच्या त्या सासूबाईंची नोंदही आहे. सुनेला बसवून मी विचारून घेतलं: उजव्या भुवईवर जखमेची खूण, पुढचा एक दात नाही, कपाळावर मोठं गोंदण, फोटोत हिरवं लुगडं नेसलेल्या होत्या पण फोटो काळापांढरा होता. नावाच्या रकान्यात त्यांचं नाव आहे, फोटोच्या रकान्यात आडवी रेघ.

वहीचं पहिलं पान मी बरेच दिवस कोरं ठेवलं होतं. गेल्या २३ ऑक्टोबरला त्यावर पहिली नोंद लिहिली. साल १९२९. गाव चाळीसगाव. काम, टांगा हाकला. नाव, रेघ. फोटो, रेघ. तुमच्यापैकी कुणाच्या घरी याबद्दल काही बोललं जात असेल तर मला कळवा, मी वही घेऊन येते.

जय भीम.